बोरीचा मर्फा

बोरीकरांनो, आयाबायांनो, पोरांनो,

परवा तुमी अब्बांना खांदा दिला, आज पुन्हा एवढे जण आलात. मी तुमच्या चाऊस चाचांची थोरली. शाळेत दिवसभर बोलायची सवय हाय मला, पण अब्बांबद्दल ‘होते’ म्हणायला जीभ वळत नाही. तरी बोलते. आज नाही बोलले तर झोप लागायची नाही.

आमी चाऊस. आमचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आले, इथंच राहिले, इथंच मातीत गेले. सोबत मर्फा आणला, चामड्याचा ढोल. अब्बांनी तो तुमच्या लग्नांत वाजवला, पोळ्याला वाजवला. दर सव्वीस जानेवारीला प्रभातफेरीपुढं वाजवला. थंडीत चामडं सैल पडतं, म्हणून पहाटे दारात कडब्याची शेकोटी करून ढोल तापवायचे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी तिथं हात शेकलेत. खरं का न्हाई?

यंदा सव्वीस जानेवारीच्या आधी गावातलेच चार जण घरी आले. म्हणाले, “चाचा, मर्फा नको. बाहेरचं वाद्य हाय ते. तुमचं मूळ गाव तरी कोणतं?”

अब्बा म्हणाले, “बोरी.”

“त्याच्या आधीचं?”

“त्याच्या आधी मी न्हवतो, बाबा.”

सव्वीसला त्यांनी तरी शेकोटी पेटवली. मी विचारलं, वाजवायचंच नाही तर कशाला? म्हणाले, “पोरायला थंडी वाजायलीय, बेटा.” फेरी आली, पोरं रांग मोडून जाळाकडं पळाली. अब्बांनी हात शेकू दिले अन् म्हणाले, “चला, रांगेत. झेंडा पुढं निघालाय.” स्वतः सलाम करून उभे राहिले. ढोल घरातच होता.

लोक म्हणतात, चाचा लय सोशिक. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होते. हे कोणाला माहीत हाय?

त्या चौघांतले दोघं समोर बसलेत. आलात, बरं केलं. ऐकून जा. येत्या सव्वीस जानेवारीला मर्फा वाजेल. आमच्यात बाया वाजवत नाहीत, मी वाजवणार. परवानगी मागणार नाही. आपल्याच झेंड्यापुढं वाजवायला मी कोणाला विचारू?

आता उभे राहा. अब्बांसाठी दोन मिनिटं गप्प राहू. दोनच. त्याच्या वर गप्प राहणं आता आमच्यानं होणार नाही.