लोहचुंबक चिकटणारा देव

चहा घ्या, मग सांगतो. पारोळ्याच्या शेतात कपाशी वेचताना आमच्या हिच्या नाकातली मोरणी पडली. तिच्या आईने दिलेली होती, त्यामुळे हिला जेवण जाईना. शेवटी जावई धातू शोधायचं यंत्र घेऊन आले. यंत्र ओरडलं ते एका काळ्या, जड दगडावर. त्याला लोहचुंबकही चिकटलं. पण दगड उचलला, तर खाली मोरणी! हिने लगेच दगडाला शेंदूर लावला.

जावई म्हणाले, "आई, थांबा! हा आकाशातून पडलेला असेल. कौलाच्या तुकड्यावर घासून बघतो. काळी रेघ उठली, तर मात्र इथलाच."

रेघ चांगली काळी उठली. जावयांचा चेहरा पडला.

देव इथलाच निघाला म्हणून ही मात्र खूश. मोरणी घालत म्हणाली, "बेस शे, जावईबापू! आभायना देवले मनी अहिरानी कोठे समजती?"