तीन कोन कमी

न्हाय न्हाय पावणं, गाडीत न्हाय बसायचं. ऊन लागलं तर लागू द्या — हिकडं या, ह्या रेलिंगच्या पलीकडं, गवतात हुबं ऱ्हावा. एसी ऱ्हाऊ द्या बाजूला. हायवेला बंद पडलेल्या गाडीत बसलेला माणूस म्हंजे — जाऊ दे, अभद्र कशाला बोलू. या. पाय बघून टाका, खाली चर हाय. हां, असं. मी मागं जाऊन रस्त्यावर ह्ये नारिंगी कोन लावून येतो, मग बोलू.

लावलं. सात. पयला त्या वळणाच्या वर, शंभर पावलांवर. आता पेट्रोलिंगची गाडी येऊन मागं हुबी ऱ्हायली की मग तुमची गाडी वर चढवायची, तवर न्हाय. वीस मिनटं तरी जातील. — व्हय, ठावं हाय मला, दोन मिनटाचं काम हाय. बावीस वर्सं मी दोन मिनटातच करत आलो की! चाकामागं एक दगुड सारला, टोचन लावलं, ओढली गाडी, संपलं. कुणाला काय झालं? कुणालाच काय झालं न्हाय. आता ह्ये चमकणारं जाकीट, ही शिट्टी, दगडाच्या जागी ह्ये लाकडाचं ठोकळं — काय म्हंता, सरकारी नियम? सरकार कुठलं ओ. सरकारचं काय असंल त्ये असंल, पण हितं उचगावपासनं कागलपतोर क्रेनवाल्यांना ह्ये पाळाय लावलं आमच्या प्रसेनजीतनं. प्रसेनजीत सर! सर म्हंत्यात त्येला सगळी. दहावीला दोनदा नापास झालेला माणूस, माझ्या बाकावर बसायचा, आणि सर! — व्हय, मी पण झालतो नापास. पण मला कोण सर म्हंतंय?

एका गल्लीतलं आमी. त्येची आई अंबूबाई आणि माझी आई एकाच रानात भांगलायला जायच्या. मोठं झाल्यावर दोघांनी मिळून जुनी क्रेन घेतली, दारावर दोघांची नावं रंगवली — माझं आदी, कारण गाडीतलं मला जास्त कळायचं. खोटं न्हाय सांगत, अजून बी मलाच जास्त कळतंय. नुसत्या आवाजावरनं सांगतो काय गेलंय त्ये. त्येला काय येतंय? त्यो पुण्याला चार दिवसाच्या ट्रेनिंगला गेला आणि येताना ह्ये नारिंगी कोन घिऊन आला. मी हसलो. म्हटलं, “पश्या, शाळेच्या ग्यादरिंगला नाच बसवायलायस काय?” सगळा नाका हसला. त्यो बी हसला — आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोन मांडून, गिऱ्हाइकाला रेलिंगपलीकडं हुबं करून मगच दोर काढला. मी क्रेनमधी बसून हॉर्न वाजवतोय, आणि ह्यो पावलं मोजतोय. मी म्हटलं, एक तर तुजी पावलं न्हायतर माजी क्रेन. तर म्हणाला, “आकाराम, क्रेन तुलाच ठेव.” इतक्या सहज. भांडला बी न्हाय लेकाचा. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला.

मग त्येनं सोताची येगळी क्रेन केली, आणि वर्साभरात काय झालं म्हंता — सगळं तिकडं. डॉक्टर म्हणू नका, वकील म्हणू नका, दुधाचं टेम्पोवालं म्हणू नका, बंद पडली गाडी की लाव प्रसेनजीतला फोन. बायामाणसं एकटी असली की त्येलाच बोलवायची, म्हणायची त्यो आदी आपल्याला बाजूला घेतोय, मग गाडीकडं बघतोय. रविवारी उचगावच्या हॉलमधी क्रेनवाल्यांचा वर्ग घ्यायला लागला — वर्ग! वारणेपासनं पोरं याय लागली. पेपरात फोटो. आणि घरात माझी बायको रूपाली, जेवायला वाढताना, “प्रसेनजीतभावजी कसं इस्त्रीचं जाकीट घालून जात्यात बघा.” इस्त्रीचं! ग्रीसच्या धंद्यात इस्त्री! घास उतरायचा न्हाय ओ मला. तुमी कधी असं जळलाय का कुणावर? न्हाय? नशीबवान हाय. पोट दुखत न्हाय बगा, हितं, गळ्याखाली दुखतंय. त्यो समोरनं गाडी घिऊन गेला, हात केला, की दुखतंय. न्हाय केला तरी दुखतंय.

एवढं सगळं मी — कुठली गाडी तुमची? एमएच बारा. म्हंजे पुण्याला जाणार, पुन्यांदा काय भेटत न्हाय आपुन. मग आईका.

दोन वर्सामागं, उसाचा सीझन, सकाळचं धा वाजलेलं. लक्ष्मी टेकडीच्या उतारावर दुधाचा टेम्पो बंद पडला. त्या ड्रायव्हरनं मला फोन केलता. मी निघालो, वाटेत हाय, तेवढ्यात त्येचाच फोन — “न्हाय, ऱ्हाऊ द्या, प्रसेनजीत सर पोचलं.” मी तरी गेलो. कशापायी गेलो? बघायला. वळणाच्या वरनंच दिसलं, खाली टेम्पोपशी ह्यो हुबा, आणि तिथनं वर वळण ओलांडून कोन, एकाला एक, शाळंतल्या पोरांगत रांगेत. मी वरच गाडी हुबी केली. उतरलो. वळणाच्या अलीकडचं तीन कोन उचललं आणि केबिनमधी टाकलं.

असंच ओ. गंमत. म्हटलं, सामान गोळा करताना शोधत बसंल, सराचं कोन चोरीला गेलं म्हणून नाक्यावर हसू हुईल जरा. दुसरं काय बी मनात नव्हतं — आईच्यान नव्हतं. — आता तुमी तसं बघू नका. मी त्येच्या शेजारनंच खाली गेलो, त्येनं हात केला, मी न्हाय केला. पुढं टपरीवर चा घेतला. निम्मा बी झाला नव्हता आणि आवाज आला. सांगितलं न्हवं, आवाजावरनं कळतंय मला.

वळणावरनं जोरात कार आली. खालचं चार कोन तिला दिसलं तवर उशीर झालता. टेम्पोच्या मागं धडकली, आणि ह्यो साखळी लावत हुता मधी. मी पळत गेलो तर ह्यो खाली पडलेला, डावा पाय गुडघ्यापासनं — ऱ्हाऊ दे. शुद्धीत हुता. मला बघून काय म्हणाला असंल? “आकाराम, आदी कारमधली माणसं रेलिंगपलीकडं घे. मग मला बग.” तशात! मी घेतली. एकशे आठला फोन केला. मी त्येचा हात धरून बसलो, आणि मनात काय यायलंय — माझ्या केबिनचं दार उघडं हाय, त्यातनं ते नारिंगी दिसंल. हात सोडून गेलो, दार लावलं, परत येऊन हात धरला. त्यो दोन मिनटं एकटाच तसा पडून हुता.

पाय वाचला. सळई घातलीय, वाकत न्हाय. क्लच दाबता येत न्हाय आता त्येला, म्हंजे गाडी संपली. मला वाटलं, बरं न्हाय पावणं, पण वाटलं — आता तरी फोन मला येतील. तर ह्यानं काय केलं? तीन महिन्यांनी काठी टेकत हॉलमधी हुबा ऱ्हायला. मी बी गेलतो, दुसऱ्या रांगेत. न्हाय गेलो तर लोक काय म्हंतील. चाळीस-पन्नास माणूस. आणि ह्यो म्हणाला, “चूक माझी हाय. मला वाटत हुतं मी सात कोन लावलं. पोलिसांनी मोजलं तर चारच. घाईत माणूस मोजायचं इसरतो. तुमी मोजत जावा, मोठ्यानं मोजत जावा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लोकांच्या डोळ्यात पाणी. कळतंय का तुमाला? चूक माझी — आणि टाळ्या त्येला! माझी चूक बी त्येनं नेली ओ! मी केलेलं एवढं मोठं, आयुष्यात एकच, आणि त्ये बी त्येच्या नावावर गेलं. त्या दिवशी मी जेवढा जळलो तेवढा कधी न्हाय जळलो. हुबं ऱ्हावं, ओरडावं, त्ये तीन माझ्या गोठ्यात वैरणीखाली हायत, म्हणावं. आणि मी टाळ्या वाजवत बसलो.

काय बघताय? हां, ह्या क्रेनच्या दारावरचं नाव. वाचलंसा तर. व्हय, गाडी त्येचीच हाय. त्येनंच चावी आणून दिली घरी, रूपालीसमोर. म्हणाला, “माझा पाय तर गेला, तुझ्या हातात गाडी असली की मला झोप येईल.” आणि दारातनं जाताना वळून म्हणाला, “कोन मात्र तूच मोजत जा, आकाराम.” — बास, एवढंच. आता ह्याचा अर्थ काय लावायचा मी? ठावं हाय का त्येला? ठावं असंल तर चावी कशाला देईल? आणि नसंल ठावं तर “तूच” कशाला म्हणंल? सव्वा वरीस झालं, रोज सकाळी त्येच्याकडनं गाडी घेतो, त्येच्या तोंडाकडं बघतो. कळंना. चा देतोय. साखर जास्त घालतोय माझ्यात, त्येला ठावं हाय मला गोड लागतो त्ये.

सांगून टाकू म्हंता? असं? तुमी कोण सांगणार मला? वीस मिनटाची ओळख आपली, बंद गाडीचं गिऱ्हाईक तुमी — मला काय कळत न्हाय व्हय काय सांगावं त्ये? सांगितलं आणि त्यो म्हणाला, “मला ठावं हाय रं, सोड” — तर? माफ करून टाकलं तर? मग मी काय करू, त्येबी घिऊन बसू त्येचं?

आली बगा पेट्रोलिंगची गाडी. चला. पुढं केबिनमधी बसा, पट्टा लावा. गॅरेजला प्रसेनजीतच असंल खुर्चीवर, उठून पाणी देईल तुमाला, विचारपूस करील, लई चांगला माणूस वाटंल. वाटू दे. विचारंल, आकारामनं नीट आणलं न्हवं? तर व्हय म्हणा. व्हय म्हणायचं आणि गप बसायचं.

लावा दार.