भाताआधीची पंगत

तुम्ही मला हुशार म्हणता, म्हणून हे सांगणे भाग आहे. चामोर्शीच्या एका कार्यालयात मी नेटवर्कवर चालणारे फोन बसवत होतो. ते सुरू झाले की जुना टेलिफोन बोर्ड निघणार होता आणि त्यावरून आलेले फोन ज्याला-त्याला जोडून देणारे रोजंदारीवरचे देवरावभाऊही. त्यांना याची कल्पना नसावी, असा माझा समज होता.

भारनियमन संपून वीज आली की फोन उजळत, मुख्य संगणकाकडे आपला नेटवर्कवरचा पत्ता मागत आणि तिथेच अडकत. दोन दिवस मी ताराच तपासत राहिलो.

शेवटी देवरावभाऊ म्हणाले, "सर, भात शिजाच्या आधीच पंगत बसवून राह्यले तुम्ही. तो मोठा कम्प्युटर उशिरा जागा होते. फोन मंग चालू करा ना."

तसे करताच सगळे फोन लागले.

"भाऊ, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"माह्या बोर्डाले दोन दिवस भेटले ना, सर. पन तुम्ही जेवनाचा डबाच उघडत नाई, ते पाहवलं नाई."

इतक्यात नवा फोन वाजला. सवयीने त्यांनीच उचलला. "बोला, कोनाले जोडू?"

पलीकडून कार्यालयाचे साहेब म्हणाले, "आता कोणालाच नाही, देवराव."