नळाला बांधलेली तार

वीज कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे लाँड्रीवाला आणि त्याचा वायरमन मेहुणा उभे होते.

“भावोजी, वायरिंग ठीक असल्याची सही करतो, पण मी अर्थिंगची तार बांधली तो नळाचा लोखंडी पाइप आहे ना अजून?”

“गंजला होता रे. परवाच प्लास्टिकचा टाकला.”

“म्हणजे अर्थिंगच गेलं! मशीन कोण चालवतंय?”

“तुझी ताई. सकाळी म्हणत होती, मशीनला हात लावला की मुंग्या येतात. म्हटलं, वय झालं तुझं.”

“फोन लावा आधी!”

“लावतोय... उचलत नाहीये.”

“मग शेजारच्याला सांगा, पळत जाऊन मेन स्विच पाड म्हणावं!”

“पेटीला कुलूप घातलंय. उगाच कुणी हात लावायला नको म्हणून.”

“किल्ली कुठाय?”

“ही काय, माझ्या खिशात.”