पयला मान

राहुरीच्या स्टँडवर माधुरीनं पेपर उघडला होता खरा, पण तिचे कान शेजारच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांकडं लागले होते.

"बने, मांडीवर खोकं कशाचं गं?"

"केक हाय. आमच्या मालकांचा वाढदिवस."

"आज एक जूनला? तुझी सासू तर म्हनायची, पोळ्याला झाला."

"पोळ्यालाच झाले. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या पोरांना एक जूनच लावली."

"मंग पोळ्यालाच करायचा की! पुरनपोळी असतीच घरात."

"असती, पर पयला घास हौश्या बैलाला. ओवाळायचं बी त्यालाच, झूल त्याला, मिरवनूक बी त्याचीच. ह्ये बसत्यात वसरीवर तोंड फुगवून."

"या वयात?"

"औंदा ह्येच सुनेला म्हनले, गुरुजींची तारीख धर. एकदा तरी बैलाच्या आधी ओवाळा मला."

"बरं झालं, फिटली हौस. केक अंड्याचा असंल?"

"न्हाई, मुद्दाम बिनअंड्याचा सांगितला."

"का गं? तुजे मालक तर कोंबडं बी सोडीत न्हाईत!"

"त्यांना चालतं गं. पर सकाळपासनं म्हनत्यात, पयला तुकडा हौश्याला दे, न्हाईतर त्यो रुसंल."