महिपतभाऊंची टाकीतली गुरं

व्यासपीठावर विराजमान आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सन्माननीय नगराध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब, माझे सहकारी नगरसेवक, सत्कारमूर्ती महिपतभाऊ घवाळी, त्यांच्या सौभाग्यवती काशीवहिनी, आणि चहा गार होत असतानाही जागा न सोडणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. खालच्या वाडीच्या वाट्याला नेहमी दोनच मिनिटं येतात. पण ही कमळा धनावडे आज घड्याळ बघणार नाही.

आज निवृत्त होणाऱ्या भाऊंनी नऊ वर्षं आपला सांडपाणी प्रकल्प सांभाळला. आपली मोरी, संडास, हॉटेलांचं खरकटं, सगळं त्यांच्या दारात. ते साफ कोण करतं? यंत्र? छे! टाकीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते घाण खातात. भाऊ त्यांना 'माजी गुरां' म्हणतात. गुरांना वैरण, तसा यांना वारा. हवेचा ब्लोअर सहा तास बंद पडला, की ती गुदमरलीच.

पहिल्या वर्षीचे गणपती आठवतात? मुंबईकरांची बंद घरं उघडली, घरोघर धुणं-पुसणं, आणि मोरीत फिनेल! मी स्वतः पाच लिटरचा कॅन ओतला. मोठ्या हौसेने! तिसऱ्या दिवशी आरतीला लोक नाकाला रुमाल लावून उभे. भाऊ माझ्या दारात आले. म्हणाले, "वयनी, घर धुवलांत ता बरा झाला. पन माजी गुरां मेली ना वो!" मी हसले. आज त्याची लाज वाटते. त्यांनी पाट्या भरभरून शेण वाहिलं, ते कालवून टाकीत सोडलं आणि पंधरा दिवसांनी टाकी पुन्हा जिवंत केली. तेव्हापासून दर गणपतीआधी ते घरोघर हात जोडत फिरले. आपण काय म्हटलं? "आला शेणवाला!"

आता अध्यक्षमहाराज, शालीखालचं बोलते. भाऊंची जागा भरायची नाही, उद्यापासून प्रकल्पाला कुलूप, आणि घाण पाणी थेट आमच्या वाडीतून वाहणाऱ्या पऱ्यात. 'तात्पुरतं', असं ठरावात लिहिलंय. विरोधात हात एकच होता, माझा. गणपती महिन्यावर आलेत, गावात माणूस तिप्पट होणार. आणि पऱ्याच्या काठावर विहिरी कोणाच्या? आमच्या! प्रकल्प नव्हता तेव्हा त्याच पाण्याने वाडीत कावीळ झाली. सतरा पोरं अंथरुणाला खिळली. येसूबाईंची नात उठलीच नाही. येसूबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून 'तात्पुरतं' म्हणून दाखवा. म्हणा ना!

साहेब, तुमची चिठ्ठी मिळाली. 'आवरा' लिहिलंय. आवरते.

गेले दोन महिने भाऊंनी आमच्या बचत गटाच्या अकरा बायकांना शिकवलंय. ब्लोअर कसा चालवायचा, व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, गाळ कधी काढायचा. नऊवारीतल्या येसूबाईसुद्धा आता नुसत्या वासावरून टाकीचं दुखणं सांगतात. हा कार्यक्रम संपला की पहिली पाळी सुरू, माझी आणि त्यांची. नवा माणूस नेमाल त्या दिवशी आनंदाने घरी जाऊ. मी परवानगी मागत नाहीये, कळवते आहे.

काशीवहिनी, नऊ गणपती तुमचा नवरा आरतीला घरी नव्हता. यंदा तो घरी असेल, आम्ही तिकडे असू. भाऊ, तुम्ही आमची पोरं वाचवलीत. हे मला फार आधी, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं.

शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर वाडीची अडाणी बाई म्हणून पदरात घ्या. आणि उद्या कुलूप घेऊन जो कोणी येईल, त्याने फाटकातूनच हाक मारावी. आत बायामाणसं असतील.