चिमणीचा डोळा

मी मूळची मखमलाबादकडची, आमचं फुलांचं रान होतं, झेंडू आन् शेवंती, आई पंचवटीत फुलं विकायला बसायची आन् मी तिच्या शेजारी हार ओवायची, सात-आठ वर्षांची असेन, पण बोटं लय चालायची माझी, बाया थांबून बघायच्या. तरी काय सांगू तुम्हाला, मी जन्माची भित्री. विहिरीची भीती, बैलाची भीती, शाळेत बाईंनी नाव घेतलं तरी रडायची. आई म्हणायची, सुमन, तू भ्यायलाच जन्माला आली का गं.

लग्न झालं ते पंचवटीतच, मालक टेम्पो चालवतात, साधा माणूस हाय. मी कॉलेज रोडला एका आजींकडं स्वयंपाकाला लागले. त्यांना डॉक्टरांनी मैदा बंद केलेला आन् पावाशिवाय त्यांचं भागायचं नाय, मंग त्यांनीच मला गव्हाचा पाव शिकवला. गव्हाची कणीक लय हट्टी हो, मैद्यासारखी लगेच फुगत नाय, कोमट दूध घालायचं, यीस्ट घालायचं, थोडा गूळ, आन् भिजवली की अर्धा तास तिला हातच लावायचा नाय, मंग मळायची, चिकटली तरी वरून पीठ घ्यायचं नाय, पीठ घेतलं की झाला दगड. माझे पहिले चार-पाच घाणे दगडच निघाले, आजी चहात बुडवून खायच्या आन् म्हणायच्या, आज सुधारलाय.

आजी गेल्या, त्यांच्या लेकीनं त्यांचा पाव भाजायचा ओव्हन मला दिला. मी घरी पाव करायला लागले, पण नुसते गोल करायला बोटं ऐकंनात, वेण्या घातल्या, गुलाब केले, कासवं केली, आन् चिमण्या. चिमणी अशी करायची, कणकेची लांब वळी करायची, तिची एक सैल गाठ मारायची, एक टोक वर काढलं की चोच, दुसरं दाबून सुरीनं चिरलं की शेपटी. बाया म्हणायच्या, काकू, खाववत नाय हो, इतकी गोड दिसती. मला बरं वाटायचं. डोळ्याला आधी मनुका लावायची, पण त्या ओव्हनमध्ये फुगायच्या, जळायच्या, चिमणी आंधळी दिसायची. मंग एकदा लवंग खोचून बघितली. दांडी आत, बोंड बाहेर, हुबेहूब डोळा. मी किती खूश झाले म्हणून सांगू, त्या खुशीतच चुकले.

नेहा मॅडम म्हणून आजींच्याच सोसायटीतल्या, त्यांच्या लेकीचा, ओवीचा, तिसरा वाढदिवस होता. त्या म्हणाल्या, काकू, चिमण्याच करा, तिला लय आवडतात. मी बारा केल्या, दाबल्या जाऊ नयेत म्हणून स्वतः रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. दुपारची वेळ, पोरांचा गलका, गाणी लावलेली, मॅडम म्हणाल्या थांबा, वाढायला मदत करा. आन् मला सांगायचं होतं, डोळे काढून द्या बरं का लेकरांना, घरातून निघताना ठरवून निघाले होते, पण तिथं सगळे फोटो काढायला लागले, कौतुक करायला लागले, आन् मी विसरले. खोटं कशाला बोलू, विसरलेच.

ओवी खाता खाता एकदम खोकायला लागली. लालबुंद झाली, डोळ्यांतून पाणी, तिच्या आजीनं पाठ थोपटली, पोरगी रडली, पाणी प्यायली आन् गप झाली, थोड्या वेळानं फुग्यामागं पळायला पण लागली. सगळ्यांना हायसं वाटलं. मी प्लेटा गोळा करत होते, तर तिच्या प्लेटमध्ये अर्धी चिमणी, डोक्याकडची, एका बाजूला डोळा आन् दुसऱ्या बाजूला नुसतं भोक. मी प्लेट चाचपली, टेबलाखाली वाकून बघितलं, फरशीवरनं हात फिरवला, नाय. पण मनातल्या मनात म्हणाले, पडली असंल कुठंतरी, पोटात गेली असंल, लवंगच तर हाय, आन् पिशवी उचलून घरी निघाले.

खरं सांगते, तवा मला पोरीची नाय, आधी माझीच भीती वाटली. नाव खराब होईल, कुणी पाव घेणार नाय, पोलीस आले तर काय. रिक्षा पूल ओलांडून पंचवटीत आली, घराच्या गल्लीशी उतरले आन् पाय पुढं टाकवंना. मॅडमना फोन लावला, उचलला नाय, परत लावला, नाय. पोरगी गप झाली ती बरी होऊन की दुसऱ्याच कशानं, हेच डोक्यात फिरायला लागलं. तशीच दुसरी रिक्षा केली आन् माघारी गेले.

ओवीचे पप्पा दारातच हसले, अहो काकू, काय विसरलं का. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, खेळतीये ती, बघा की. ओवीच्या आजी तर चिडल्या, वाढदिवसाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नका. पण मॅडमनी काय केलं, पोरीला जवळ घेतलं आन् तिच्या छातीला कान लावला. आन् त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, शिट्टी वाजल्यासारखं येतंय. मंग तसेच दवाखान्यात गेलो.

एक्स-रे काढला, त्यात काय दिसंना, सर्दी असंल असं कुणीतरी म्हणालं. मी मागं भिंतीला लागून उभी होते, पुढं झाले आन् म्हणाले, डॉक्टर, एक लवंग कमी हाय, मी सगळीकडं शोधली. डॉक्टर म्हणाले, लवंग एक्स-रेत दिसत नाय. त्यांनी परत छातीला नळी लावली, लय वेळ ऐकलं, म्हणाले उजव्या बाजूला हवा कमी जातीये, भूल देऊन घशातून दुर्बीण घालून बघावं लागंल, पण पोट भरलेलं असताना भूल देता येत नाय, सकाळी करू, तोवर ही आमच्या नजरेखालून हलणार नाय.

सकाळी पोरीला आत नेलं. मी बाकड्यावर बसले, माझ्याशेजारी कुणी बसलं नाय. दार उघडलं की मी उठून उभी राहायची, नर्स नुसती पाणी घ्यायला आली तरी. माझे मालक आले, खाली जाऊन चहा आणला, तो हातातच गार झाला.

निघाली. डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दाखवली, फुगून मऊ झालेली लवंग. म्हणाले, तशीच राहिली असती तर फुप्फुस खराब झालं असतं, आन् कुणाला कारण पण कळलं नसतं. नेहा मॅडम माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, काकू, तुम्ही माघारी आला म्हणून माझी पोरगी वाचली. मंग म्हणाल्या, आन् लवंग पण तुम्हीच लावली होती. मी म्हणाले, हो मॅडम. दोन्ही खरंच हाय.

परत त्यांनी कधी पाव मागवले नाय. मला राग नाय. तीन महिने मी कणीक भिजवली नाय, मंग मालकच म्हणाले, किती दिवस बसणार अशी. आता चिमण्या करते, पण डोळ्याला नुसतं काडीनं टोचते, खसखस पण लावत नाय. दिसायला तेवढ्या देखण्या नाय होत, नाय तर नाय. लोक म्हणतात काकू, डोळे लावा की, मी हसून सोडून देते. भीती गेली नाय हो, ती आता माझ्याबरोबरच जायची.

ओवी शाळेत जाते आता, कधी दिसते सोसायटीच्या गेटपाशी, मला ओळखत नाय. पळत असती. मी लांबूनच मनात म्हणते, बाई, लय मोठी हो, अशीच धावत राहा.

घ्या ना तुम्ही ही चिमणी, तुमच्यासाठीच काढलीये, गरम हाय. नाय, मला घाई नाय कसली, तुमचं खाऊन होईस्तोवर मी बसते इथं. सावकाश चावा.